खसखस पिकली तेव्हा

कार्ल्याला माझी मावशी राहते. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर कार्ला फाट्याला उतरायचं, एकवीरेच्या रस्त्याला लागायचं, आणि पायथ्याची गर्दी सुरू व्हायच्या आधीच गावात वळायचं. दिवाळीत तिच्याकडचे अनारसे खायला आम्ही सगळी भावंडं जमतो. तीन दिवस भिजवलेले तांदूळ, गूळ, मुरवलेलं पीठ. गोळी खसखशीवर थापायची, खसखशीची बाजू वर ठेवून तुपात सोडायची आणि अजिबात उलटायची नाही. झाऱ्यानं वरून तूप उडवत राहायचं. मावशीचा हात खसखशीच्या बाबतीत सैल आहे. अनारशाची जाळी शोधावी लागते, असं आम्ही तिला चिडवतो.

तिचा मुलगा बोटीवर इंजिनिअर आहे. मावळात हे आता नवलाचं राहिलेलं नाही. तळेगावजवळ इंदुरीला १९९८ पासून तोलानी मेरिटाइम इन्स्टिट्यूट आहे, त्यामुळे 'बोटीवर जायचंय' असं म्हणणारी पोरं गावोगावी भेटतात. काही वर्षांपूर्वी दिवाळी आटोपून माझा हा मावसभाऊ मुंबईला गेला. बोटीवर चढण्याआधीची वैद्यकीय तपासणी होती. रक्तदाब, डोळे, कान, छातीचा एक्स-रे आणि लघवीचा नमुना. नमुन्यात एक प्लॅस्टिकची पट्टी बुडवली गेली. पाच मिनिटांनी दवाखान्यातल्या माणसानं त्याला हळूच विचारलं, "तुम्ही काही घेता का?"

त्याला वाटलं, चहा विचारतायत. तो "चालेल" म्हणाला.

पट्टीवर 'ओपिएट्स' लिहिलेल्या रकान्यात रेघ उमटली नव्हती. ओपिएट्स म्हणजे अफूच्या कुळातली रसायनं: मॉर्फिन, कोडीन, हेरॉइन वगैरे. घरी फोन आला तेव्हा आम्ही अजून कार्ल्यातच होतो. "याला अफूबाज ठरवलाय रे," असं मावशीनं सांगितलं आणि घरात अक्षरशः खसखस पिकली. सुपारीचं खांडही तोंडात न टाकणारा मुलगा तो. हसत नव्हता तो एकटाच, कारण बोट चार दिवसांनी मुंद्र्याहून सुटणार होती आणि पक्क्या तपासणीचा रिपोर्ट यायला आठ दिवस लागणार होते.

रिपोर्ट आला. मॉर्फिन सापडलं होतं, पण अगदी थोडं, ठरलेल्या मर्यादेच्या बरंच खाली. निकाल: निगेटिव्ह. बोट तोवर गेली होती. कंपनीनं "पुढच्या वेळी कळवू" असं सांगितलं आणि ती पुढची वेळ यायला पाच महिने लागले. त्याच्या करारात बोटीवर असताना पगार होता, घरी बसल्याचा नव्हता.

त्या पाच महिन्यांत मी या पट्टीच्या मागं लागलो. ती कुठून आली, काय सांगते, आणि जे सांगत नाही ते लोक तिच्या तोंडी का घालतात, हे वाचत बसलो. पुढं आहे ते त्या वाचनातून.

*

आधी पट्टी कशी वाचायची ते. कोरोनाच्या काळात आपण सगळेच पट्टी वाचायला शिकलो: एक रेघ म्हणजे सुटलो, दोन रेघा म्हणजे चौदा दिवस खोलीत. नशेच्या पट्टीवर हे बरोबर उलटं असतं. तिथं दोन रेघा म्हणजे निगेटिव्ह. दुसरी रेघ गायब झाली तर पॉझिटिव्ह. आणि ती रेघ कितीही फिकट असली तरी उमटली म्हणजे निगेटिव्हच. घाईत असलेला, नीट न शिकवलेला माणूस फिकट रेघ पाहून 'थोडं आहे वाटतं' असं म्हणू शकतो, आणि तिथंच पहिली चूक होऊ शकते.

उलटं का, तर पट्टीत रंग लावलेल्या अँटिबॉडी असतात आणि रेघेच्या जागी ते अमली रसायन आधीच चिकटवून ठेवलेलं असतं. लघवीत ते रसायन नसेल तर अँटिबॉडी मोकळ्या हातांनी पुढं सरकतात, रेघेवरच्या रसायनाला धरतात आणि रंग दिसतो. लघवीत ते असेल तर अँटिबॉडीचे हात आधीच भरलेले असतात. रेघ उमटत नाही.

म्हणजे पट्टी 'मॉर्फिन आहे' असं म्हणतच नाही. माझ्या अँटिबॉडीचे हात कुणीतरी धरून ठेवलेत, एवढंच ती म्हणते. धरणारा कोण, ते तिला ठाऊक नसतं. मॉर्फिनसारखा चेहरा असलेलं दुसरं एखादं औषधही असू शकतं. किंवा खरंच मॉर्फिन असतं, पण ते नशेतून न येता अनारशातून आलेलं असतं.

*

'काहीतरी या जातीचं आहे' एवढंच सांगणारी तपासणी आणि 'हेच आहे' असं ऐकणारा माणूस ही जोडी पट्टीच्या कितीतरी आधीची आहे. आपल्याकडं तिची गोष्ट धोतऱ्यापासून सुरू करता येते.

एकोणिसाव्या शतकात वाटसरूंशी ओळख वाढवायची, त्यांच्या जेवणात धोतऱ्याच्या बियांची पूड मिसळायची, आणि ते बरळायला लागले की लुटायचं, असे गुन्हे हिंदुस्थानभर होत. मुंबई इलाख्यात अशा प्रकरणातलं उरलेलं अन्न, उलटी किंवा मेलेल्याच्या पोटातला ऐवज सरकारी रसायन-तपासनिसाकडं जाई. या अधिकाऱ्याला 'केमिकल ॲनलायझर' म्हणत. आपल्याकडच्या जुन्या वकिलांच्या बोलण्यात 'सीएचा रिपोर्ट' हा शब्द अजून टिकून आहे, आणि त्याचा चार्टर्ड अकाउंटंटशी काही संबंध नाही. आय. बी. लायन हे असेच मुंबई सरकारचे केमिकल ॲनलायझर. ग्रँट मेडिकल कॉलेजात ते शिकवतही, आणि १८८०च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी हिंदुस्थानासाठी न्यायवैद्यकाचं जे पाठ्यपुस्तक लिहिलं, ते पुढं कित्येक आवृत्त्यांत चालत राहिलं.

त्या काळी धोतरा ओळखायची एक चाचणी होती मांजराची. नमुन्यातून काढलेल्या अर्काचा थेंब मांजराच्या एका डोळ्यात घालायचा. काही वेळात त्या डोळ्याची बाहुली मोठी झाली आणि दुसऱ्याची झाली नाही, तर निकाल पॉझिटिव्ह. मांजराच्या दृष्टीनं हा प्रकार कसा होता ते पुस्तकात नाही. पण तपासनिसाच्या दृष्टीनं अडचण अशी, की बाहुली धोतऱ्यानंच मोठी होते असं नाही. बेलाडोनानं होते. खुरासानी ओव्यानंही होते, आणि खुरासानी ओवा हे तर वैद्याच्या बटव्यातलं औषध. मांजर सांगे ते एवढंच, की बाहुली मोठी करणारं काहीतरी यात आहे. ते औषध म्हणून घेतलं की कुणी वैरानं घातलं, हे मांजराला विचारण्यात अर्थ नव्हता.

साधारण त्याच सुमारास, १८७०च्या दशकात, इटलीत बोलोन्याचे रसायनतज्ज्ञ फ्रान्चेस्को सेल्मी यांनी याहून वाईट बातमी दिली. प्रेत कुजताना त्यात आपोआप अशी द्रव्यं तयार होतात, की विषाच्या रंगचाचण्यांत ती वनस्पतीज विषासारखाच रंग दाखवू शकतात. त्यांनी या द्रव्यांना 'टोमेन' असं नाव दिलं. ग्रीक भाषेतल्या प्रेत या अर्थाच्या शब्दावरून. विषप्रयोगाच्या खटल्यांत तोवर जे रंग पुरावा म्हणून मांडले गेले होते, त्यांतले काही नुसते कुजण्याचे रंग असतील, ही शक्यता कोर्टांना गिळावी लागली. फॉल्स पॉझिटिव्ह हा शब्द तेव्हा नव्हता. माणसं मात्र होती.

*

आपल्या पट्टीतली अँटिबॉडी पुष्कळ नंतरची. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधल्या सैनिकी रुग्णालयात रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस अँटिबॉडी वापरून रक्तातलं इन्शुलिन मोजायची पद्धत काढली. त्या कामासाठी यालोंना १९७७ साली नोबेल मिळालं. बर्सन १९७२ सालीच वारले होते. या पद्धतीनं रक्तातली इतकी सूक्ष्म मात्रा पकडता येऊ लागली, की तोवर कुणी तिचा विचारही केला नव्हता.

मॉर्फिनसाठी हे करायचं तर एक अडचण होती. मॉर्फिनचा रेणू इतका छोटा, की शरीर त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी तयारच करत नाही. सिडनी स्पेक्टर आणि चार्ल्स पार्कर यांनी तो रेणू एका मोठ्या प्रथिनाला बांधला, ते प्रथिन सशांना टोचलं, आणि १९७० साली मॉर्फिन पकडणाऱ्या अँटिबॉडी जाहीर केल्या. त्या अँटिबॉडी मॉर्फिनबरोबर कोडीनलाही धरत होत्या. हा दोष त्यांच्या जन्मापासूनचा आहे आणि त्यात लपवाछपवी नव्हती. संशोधकांच्या निबंधात ही गोष्ट स्वच्छ लिहिलेली असते. पुढं डब्यावर ती बारीक अक्षरांत जाते, आणि हातात पट्टी धरलेल्या माणसापर्यंत पोचेस्तोवर ती गळूनच जाते.

१९७१ साली ही विद्या एकदम रणांगणावर गेली. व्हिएतनाममधले अमेरिकन सैनिक हेरॉइन ओढतायत, अशा बातम्यांनी वॉशिंग्टन हादरलं होतं. जूनपासून नियम झाला: मायदेशी जाणाऱ्या विमानात बसायच्या आधी लघवीचा नमुना द्यायचा. सैनिकांनी या मोहिमेचं नाव ठेवलं 'ऑपरेशन गोल्डन फ्लो', सोनेरी धार. कॅलिफोर्नियातल्या सिव्हा या कंपनीचं यंत्र वापरलं गेलं. पुढच्याच वर्षी त्याच कंपनीनं 'एमिट' नावाची चाचणी आणली: किरणोत्सर्गी पदार्थ नकोत, महागडं यंत्र नको, काही सेकंदांत उत्तर. नोकरीवर ठेवण्याआधी हजारोंची लघवी तपासणं त्यानंतर परवडू लागलं.

व्हिएतनाममध्ये पॉझिटिव्ह निघालेल्याला निदान शिक्षेऐवजी उपचारासाठी थांबवून ठेवत. दहा वर्षांनी ते बदललं. २६ मे १९८१ च्या रात्री निमित्झ या विमानवाहू नौकेच्या डेकवर उतरताना एक विमान कोसळलं आणि १४ जण मेले. मेलेल्यांपैकी काही डेक-कर्मचाऱ्यांच्या शरीरात गांजाचा अंश सापडला. त्यानंतर अमेरिकी सैन्यदलांत लघवी-तपासणीचा पूर आला आणि पॉझिटिव्ह निकालावर शिक्षा होऊ लागल्या. प्रयोगशाळांना हा भार झेपला नाही. नमुन्यांच्या नोंदी धड नाहीत, कुठला नमुना कुणाचा याची साखळी तुटलेली, दुसऱ्या पद्धतीनं केलेली पडताळणी कच्ची. १९८४ पर्यंत लष्करानंच नेमलेल्या समितीला कबूल करावं लागलं, की हजारो निकालांना शास्त्राचा वा कायद्याचा पुरेसा आधार नव्हता. सैनिकांना पत्रं गेली: तुमचा निकाल चुकीचा असू शकतो, अर्ज करा. तोवर कित्येकांच्या कागदांवर शेरे बसले होते.

त्याच वर्षांतली आणखी एक गोष्ट मला विशेष वाटते. आयबुप्रोफेन, म्हणजे आपण डोकं दुखलं, पाय मुरगळला की घेतो ती गोळी. ती घेतलेल्या काही लोकांच्या लघवीत एमिट चाचणी गांजा दाखवू लागली. आयबुप्रोफेन आणि गांजा यांचं काहीच नातं नाही. गोळीमुळं चाचणीतल्या एन्झाइमच्या कामातच अडथळा येत होता. कंपनीला अखेर ते एन्झाइम बदलावं लागलं. बदल झाला, दोष गेला. मधल्या काळात अंगदुखीची गोळी खाऊन गांजेकस ठरलेल्यांचं काय झालं, याची मोजदाद कुणी ठेवली नाही.

१५ सप्टेंबर १९८६ ला अध्यक्ष रेगन यांनी सरकारी नोकरांसाठी नशामुक्त कचेरीचा हुकूम काढला, आणि मग कर्मचारी संघटना कोर्टात गेल्या. या दबावातून एप्रिल १९८८ मध्ये नियमावली आली, तिचंच रूप आज जगभर चालतं. पहिली पायरी अँटिबॉडीची चाळणी. तिच्यात अडकलेला प्रत्येक नमुना दुसऱ्या, वेगळ्या तत्त्वावरच्या चाचणीला पाठवायचा: गॅस क्रोमॅटोग्राफी आणि मास स्पेक्ट्रोमेट्री. यात मिश्रणातले पदार्थ आधी एकेक करून वेगळे होतात, मग प्रत्येक रेणूचे तुकडे करून त्यांची वजनं घेतली जातात. तोंडवळ्यावरून ओळखणं आणि आधार कार्ड बघणं, असा फरक. आणि शेवटी एका डॉक्टरनं त्या माणसाला फोन करून विचारायचं, तुम्ही कुठली औषधं घेताय? या तिघांतून गेल्याशिवाय 'पॉझिटिव्ह' हा शब्द वापरायचा नाही. काटेकोर प्रयोगशाळा पहिल्या पायरीच्या निकालाला 'नॉन-निगेटिव्ह' म्हणतात. शब्द ओबडधोबड आहे, पण खरा आहे.

*

आता खसखस.

कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या खांबांवर धेनुकाकटच्या यवनांची नावं दानकर्ते म्हणून कोरलेली आहेत, हे सहलीला गेलेल्यांपैकी काहींनी पाहिलं असेल. 'अफू' हा शब्द मूळ त्या यवनांच्या भाषेतला: ग्रीक 'ओपिऑन', त्याचं अरबी 'अफयून', त्याचं आपलं अफीम आणि अफू. (त्या दानशूर मंडळींनी अफू आणली, असा याचा अर्थ नाही. तो माल आणि तो शब्द कित्येक शतकांनी अरबांबरोबर आला.) अफूच्या हिरव्या बोंडाला चिरा दिल्या की चीक येतो, ती अफू. तेच बोंड वाळलं की आत बिया सापडतात, ती खसखस. बियांच्या आत मॉर्फिन जवळपास नसतंच. पण त्या चिकाच्या शेजारी वाढतात, त्यामुळे वरून थोडं लागलेलं असतं. किती, ते वाण, शेत, कापणी आणि धुणं यांवर ठरतं. एका पिशवीतली खसखस आणि दुसऱ्या पिशवीतली यांत कित्येक पटींचा फरक असू शकतो. ती खाऊन नशा येत नाही. पण एक-दोन दिवस लघवीत मॉर्फिन सापडू शकतं.

आपला कायदा या बाबतीत शहाणा आहे. १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात अफूच्या बोंडाच्या व्याख्येतून बिया स्पष्टपणे वगळल्या आहेत, म्हणून वाण्याकडं खसखस मिळते. आखातात तसं नाही. संयुक्त अरब अमिरातीत खसखस नेणं हाच गुन्हा आहे. हिथ्रो विमानतळावर खाल्लेल्या पावाचे खसखशीचे तीन दाणे कपड्यांवर सापडले म्हणून एका स्विस प्रवाशाला दुबईत चार वर्षांची शिक्षा झाली, ही बातमी २००८ साली फेअर ट्रायल्स इंटरनॅशनल या संस्थेनं जगापुढं आणली होती. सिंगापूरलाही खसखस चालत नाही. दुबईला फराळ पाठवणाऱ्या आया-मावश्यांना हे आता पाठ झालंय: चकली, शंकरपाळी, लाडू घाला; अनारसे नकोत, आणि घरचा मसालाही खसखस घातलेला असेल तर नको.

अमेरिकेत यावर उपाय म्हणून आकडा बदलला. लघवीत दर मिलिलिटरला ३०० नॅनोग्रॅम मॉर्फिन मिळालं की पॉझिटिव्ह, अशी सुरुवातीची मर्यादा होती. खसखस लावलेला पाव खाणारी माणसं त्यात भसाभस अडकू लागली. १९९८ साली सरकारी तपासणीची मर्यादा ३०० वरून एकदम २००० करण्यात आली. जोडीला हेरॉइनची खास खूण शोधायची चाचणी आली, कारण हेरॉइनचं शरीरात विघटन होताना जो एक मधला पदार्थ तयार होतो, तो खसखशीतून कधीच येत नाही. तरी प्रश्न मिटला नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये पेंटागॉननं सैनिकांना सूचना काढली: खसखस खाऊ नका. पन्नासएक वर्षांच्या संशोधनानंतर शेवटी माझ्या मावशीला जे सुचलं तेच.

आपल्या बाजारात ३०० च्या आणि २००० च्या, दोन्ही पट्ट्या मिळतात. दिसायला सारख्याच. मावसभावाची पट्टी ३०० ची होती, पक्की तपासणी २००० च्या मर्यादेनं झाली. त्याच्या लघवीत काहीही बदललं नव्हतं. पट्टी बदलली असती तर तो मुंद्र्याला वेळेवर पोचला असता.

*

भारतात ही तपासणी आता नेमकी कुणाकुणाची होते? बोटीवरच्या लोकांची फार दिवस होते आहे. अमेरिकी तटरक्षक दलाचे नियम १९८८ चे, आणि १९८९ साली एक्झॉन वाल्डेझ बोटीचं तेल अलास्कात सांडल्यावर तेलकंपन्यांनी सगळीकडं कडक धोरणं आणली. विमानांसाठी डीजीसीएचा नियम ३१ जानेवारी २०२२ पासून लागू झाला: वैमानिक, केबिन क्रू आणि हवाई वाहतूक नियंत्रक यांच्यापैकी दरवर्षी १० टक्क्यांची अचानक तपासणी. त्यात पहिल्या चाळणीत अडकलेल्याला लगेच कामावरून बाजूला करतात आणि नमुना पडताळणीला जातो. हे योग्यच आहे. शंका असलेल्या माणसाच्या हाती विमान कोण देईल? प्रश्न फक्त मधल्या दिवसांचा आहे, आणि त्या दिवसांत विमानतळावर होणाऱ्या कुजबुजीचा.

पोलिसांच्या धाडी हा तिसरा प्रकार, आणि आमच्या भागाला तो चांगलाच परिचयाचा. मार्च २००७ मध्ये सिंहगडाच्या पायथ्याशी डोणज्याला झालेल्या पार्टीवर धाड पडली, अडीचशेहून जास्त तरुण पकडले गेले. जून २०११ मध्ये घाटाखाली खालापूरला. मे २०१२ मध्ये जुहूच्या एका हॉटेलात. तिथं आयपीएलचे दोन खेळाडूही होते म्हणून ती जास्त गाजली. या प्रकरणात नमुन्यांचे प्रयोगशाळेचे अहवाल यायला दोन महिने गेले. त्या सगळ्यांतला कोण खरा, कोण खोटा यात मी शिरत नाही. प्रयोगशाळेचं काम होतं, त्यांनी केलं. पण नावं आणि चेहरे टीव्हीवर पहिल्याच रात्री आले होते.

एक हिशेब करून बघा. आकडे मी समजण्यापुरते घेतलेत. हजार जणांची तपासणी झाली. त्यांतले दहाजण खरोखर नशा करतात. चाचणी इतकी चांगली, की दहाच्या दहा पकडते, आणि निर्दोषांपैकी फक्त शंभरात पाच जणांना चुकून पकडते. राहिलेल्या ९९० चे पाच टक्के म्हणजे जवळपास ५०. एकूण पॉझिटिव्ह ६०, त्यांतले ५० निर्दोष. '९५ टक्के अचूक' असं डब्यावर लिहिलेलं असतानाही. जिथं नशा करणारे कमी, तिथं हा घोळ जास्त; म्हणजे वैमानिक आणि बोटीवरचे इंजिनिअर यांच्यात नेमका जास्त.

आणि हात धरणारे पदार्थ काही दुर्मीळ नाहीत. क्षयाचं रिफॅम्पिसिन काही चाचण्यांत अफू म्हणून दिसतं. क्षयाचे रुग्ण आपल्याकडं किती, ते सांगायला नको. लिव्होफ्लोक्सासिन आणि ऑफ्लोक्सासिन ही अँटिबायोटिकंही अफूच्याच खात्यात जमा होऊ शकतात. ॲसिडिटीवरचं रॅनिटिडिन ॲम्फेटामिनच्या रकान्यात गडबड करतं, आणि सकाळी उपाशीपोटी अर्धा महाराष्ट्र घेतो ते पॅन्टोप्राझोल गांजाच्या. २०१२ साली अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या डॉक्टरांना नवजात बाळांच्या लघवीत गांजा दिसू लागला, तेव्हा शोध घेतल्यावर तो बाळांना अंघोळ घालायच्या साबणातून आल्याचं निघालं. तिथं बाळ पॉझिटिव्ह निघालं तर आईकडून ते काढून घेण्याची कारवाई सुरू होऊ शकते. साबणामुळं.

इथं एक गोष्ट नीट वेगळी ठेवायला हवी, नाहीतर गोंधळ होतो. मुंबईचा पृथ्वी शॉ २०१९ साली आठ महिने निलंबित झाला, तो फॉल्स पॉझिटिव्ह नव्हता. २२ फेब्रुवारीला इंदूरमध्ये दिलेल्या नमुन्यात टर्ब्युटालिन सापडलं, आणि ते खरंच होतं. खोकल्याच्या औषधातून आलेलं. बीसीसीआयनं त्याचं म्हणणं मानलं, तरी शिक्षा झाली, कारण खेळात शरीरात काय आहे याची जबाबदारी खेळाडूची असते. ब्रिटनचा स्कीपटू ॲलन बॅक्स्टर याचंही तसंच. २००२ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये त्यानं कांस्यपदक मिळवलं आणि अमेरिकेत विकत घेतलेल्या व्हिक्स इनहेलरपायी ते गेलं. ब्रिटनमधल्या इनहेलरमध्ये नसलेलं एक द्रव्य अमेरिकेतल्या त्याच नावाच्या इनहेलरमध्ये होतं. क्रीडा लवादानं त्याला फसवणूक करणारा मानलं नाही, पण पदकही परत दिलं नाही.

चाचणी चुकली, चाचणी बरोबर पण अर्थ चुकला, आणि चाचणी-अर्थ दोन्ही बरोबर पण माणूस बेसावध: हे तीन वेगळे प्रकार आहेत. माझ्या भावाचा दुसरा. दवाखान्यातल्या माणसाच्या लेखी, कंपनीच्या लेखी आणि आमच्या गल्लीतल्या दोन-तीन घरांच्या लेखी तिन्हींना एकच शब्द होता.

गल्लीचं सांगायचं राहिलं. आम्ही ही गोष्ट हसत-हसत चार जणांना सांगितली, आणि दोन महिन्यांनी ती परत आमच्याकडं आली तेव्हा तिच्यातली खसखस गळून गेली होती. एका ठिकाणी त्याच्या लग्नाचं बोलणं चाललं होतं. त्यांनी मध्यस्थाकरवी विचारलं, "मुलगा काही घेतो असं ऐकलं, बोटीवर असतं ना तसं?" मावशीनं त्यांना रिपोर्टची झेरॉक्स पाठवली. त्यांचा फोन परत आला नाही. मावशीनं पुन्हा केला नाही.

मावसभाऊ आता सेकंड इंजिनिअर आहे. दर खेपेला बोटीवर चढण्याआधी फॉर्म भरतो, त्यात 'गेल्या सात दिवसांत घेतलेली औषधं' असा रकाना असतो. पूर्वी तो तिथं आडवी रेघ मारायचा. आता आठवून-आठवून लिहितो: पॅन्टोप्राझोल दोन गोळ्या, सर्दीची एक, डोक्याला लावायचा बाम. गेल्या वर्षी काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "हे सगळं लिहायची गरज नाही हो." तो म्हणाला, "असू दे."

मावशी आता अनारसे दोन प्रकारचे करते. त्याचे तिळावर थापलेले असतात आणि वेगळ्या डब्यात ठेवलेले असतात. ते खसखशीच्या अनारशांइतके चांगले लागत नाहीत. तो खातो.